सहकुटुंब जर्मनीला नोकरीसाठी जाताना पहिल्या तीन महिन्यांतील कामे कोणत्या क्रमाने करावीत?

प्रवासिनी

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, मी, माझे पती आणि आमची चार वर्षांची मुलगी असे तिघे जर्मनीतील श्टुटगार्टला राहायला जात आहोत. मला तेथील एका यंत्रनिर्मिती कंपनीत डिझाइन अभियंता म्हणून कायमस्वरूपी नोकरी मिळाली आहे. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या आहेत, वर्षाचा पगार कपातीपूर्वी ५८,००० युरो आहे, परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांचा आहे आणि ब्लू कार्डासाठीचा (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यासाठीचा) व्हिसाही हाती आला आहे. पती फिजिओथेरपिस्ट असून त्यांना अकरा वर्षांचा अनुभव आहे.

गेले दोन आठवडे मी रोज रात्री कामांची यादी करायला बसते आणि प्रत्येक वेळी ती फिरून सुरुवातीलाच येते. घरमालकांना जर्मन बँकेचे खाते आणि तीन महिन्यांच्या पगारपत्रिका हव्या असतात. बँक नोंदणीकृत पत्ता मागते. पत्त्याच्या नोंदणीसाठी आधी घर लागते. आणि कंपनीच्या पगार विभागाने पाठवलेल्या अर्जात कर क्रमांक, आरोग्य विमा आणि बँक खाते हे तिन्ही रकाने पहिल्या दिवसापर्यंत भरून मागितले आहेत. यांतले कोणते काम आधी हातात घ्यावे, हेच मला उमगत नाही.

शिवाय तीन गोष्टींचा निर्णय लगेच करायचा आहे. एका जाहिरातीतून दोन खोल्यांची सदनिका सापडली आहे. मालक सध्या दुसऱ्या देशात असल्यामुळे घर आतून दाखवता येणार नाही, पण अनामत म्हणून २,४०० युरो पाठवल्यास किल्ली आणि करारनामा कुरियरने पाठवू, असे त्यांनी कळवले आहे. छायाचित्रे चांगली आहेत, भाडे परवडणारे आहे आणि उद्यापर्यंत उत्तर हवे आहे. दुसरे असे की, एका सल्लागाराच्या मते मी तरुण आणि निरोगी असल्यामुळे सरकारी आरोग्य विम्याऐवजी खासगी विमा घेतल्यास निम्म्या पैशांत काम होईल. तिसरी गोष्ट पतींच्या नोकरीची. ते तेथे पोहोचताच अर्ज करू शकतील का? ज्यांनी हे सर्व प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_मुक्काम

प्रवासिनीताई, आधी घराबद्दल लिहितो, कारण त्यात एका दिवसाचीही सवड नाही. ते २,४०० युरो कृपया पाठवू नका. मालक परदेशात, घर पाहता येणार नाही, पैसे आधी, किल्ली टपालाने आणि निर्णय उद्यापर्यंत. परदेशातून घर शोधणाऱ्यांना फसवण्याची ही ठरलेली पद्धत आहे आणि तुम्ही सांगितलेल्या पाचही खुणा तिच्याशी जुळतात. छायाचित्रे बहुधा दुसऱ्याच कोणाच्या घराची असतात. जर्मन नागरी संहितेच्या कलम ५५१ प्रमाणे अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, ती तीन समान हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो, आणि त्यांतला पहिला हप्तादेखील भाडेकराराचा काळ सुरू होतानाच देय होतो. घर पाहण्याआधी पूर्ण अनामत मागणाऱ्या माणसाशी पुढे बोलण्याचे कारणच उरत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. पहिले काम पत्त्याचेच आहे, परंतु तो पत्ता कायमच्या घराचा असावा लागत नाही, आणि येथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. तुम्हाला हवा आहे तो नोंदणी होऊ शकेल असा पत्ता. दोन-तीन महिन्यांसाठी सामानासह मिळणारी सदनिका घ्या, मग ती कंपनीने दिलेली असो किंवा तुम्ही भाड्याने घेतलेली, आणि पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न लेखी विचारा: येथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करता येईल का, आणि त्यासाठीचा घरमालकाचा दाखला तुम्ही द्याल का? २०१५ च्या नोव्हेंबरपासून पत्त्याच्या नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचा हा दाखला बंधनकारक आहे. त्याला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असे लांबलचक नाव आहे आणि नुसता भाडेकरार दाखवून त्याच्याशिवाय भागत नाही. पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे मालक तो पुष्कळदा देत नाहीत. तेथे राहून तुमचे पैसे खर्च होतात, दिवस जातात आणि कागदोपत्री तुम्ही जर्मनीत आलेल्याच नसता.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करावी, असा कायदा आहे. मोठ्या शहरांत इतक्या लवकरची वेळ मिळेलच असे नाही, म्हणून पत्ता ठरताच, विमानात बसण्यापूर्वीच, ब्युर्गरब्युरोची, म्हणजे नोंदणी करणाऱ्या शहर कार्यालयाची, वेळ ऑनलाइन आरक्षित करा आणि आरक्षणाची पोच छापून जवळ ठेवा. जाताना तिघांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला न्या. दाखल्यांची शपथबद्ध भाषांतरकाराने केलेली जर्मन भाषांतरेही बरोबर असू द्या. अर्जात धर्माचा रकाना असतो, तो घाईत भरू नका. चर्चसारख्या करपात्र धर्मसंस्थेचे सदस्य म्हणून नोंद झाल्यास आयकराच्या ८ टक्के इतका चर्चचा कर पगारातून कापला जातो (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग सोडून इतर राज्यांत ९ टक्के). तुम्ही अशा संस्थेचे सदस्य नसाल तर तसे स्पष्ट नोंदवा.

नोंदणी झाली की बाकीची कामे आपोआप मार्गी लागतात. अकरा अंकी कर क्रमांक तुम्हाला मागावा लागत नाही. केंद्रीय कर कार्यालय तो तिघांच्याही नावे, मुलीच्या नावेसुद्धा, स्वतंत्र पत्रांनी पाठवते. ती पत्रे टपालानेच येतात, आणि म्हणून एक बारीकशी गोष्ट आवर्जून सांगतो. जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत सदनिकांना क्रमांक नसतात. दारावरच्या घंटीपाशी आणि टपालपेटीवर जे आडनाव लिहिलेले असेल त्यावरूनच पोस्टमन पत्र टाकतो. मी पहिल्यांदा आलो तेव्हा दुसऱ्याच्या नावाच्या सदनिकेत पोटभाडेकरू म्हणून राहत होतो आणि पेटीवर माझे नाव लावायला हवे, हे मला कोणी सांगितले नाही. कर क्रमांकाचे पत्र आले तसेच परत गेले. क्रमांकाअभावी माझ्या पहिल्या दोन पगारांतून सहाव्या, म्हणजे सर्वांत जड करवर्गाने कर कापला गेला. क्रमांक पुन्हा मागवला तर गोपनीयतेसाठी तो फोनवर किंवा ईमेलने सांगत नाहीत; पुन्हा टपालाचीच वाट पाहावी लागते. जादा कापलेले पैसे पुढे परत मिळाले, पण तोवर नव्या देशात हाताशी असलेली शिल्लक निम्म्यावर आली होती. तेव्हा घरात शिरल्याबरोबर, सामान उघडण्याआधी, कागदाच्या पट्टीवर पासपोर्टातले आडनाव ठळक रोमन अक्षरांत लिहून टपालपेटीवर चिकटवा. आणि तुम्हा दोघांची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही लिहा.

बँकेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. युरोपीय संघात कायदेशीररीत्या राहणाऱ्या कोणालाही साधे खाते, म्हणजे बाझिसकोंटो, मिळण्याचा हक्क २०१६ पासून कायद्याने आहे. तुमची पतनोंद अजून तयार झालेली नाही या कारणाने ते नाकारता येत नाही. पगारासाठी जर्मनच खाते हवे असाही नियम नाही. सेपा, म्हणजे युरोतील व्यवहारांच्या सामाईक क्षेत्रातील कोणत्याही देशाचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) कंपनीने स्वीकारला पाहिजे.

आणि व्हिसावरची शेवटची तारीख पासपोर्ट उघडून आजच वहीत लिहून ठेवा. त्या तारखेच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेत, ब्लू कार्डाचा अर्ज पोहोचलेला असला पाहिजे. अर्ज वेळेत गेला आणि कार्ड यायला उशीर झाला, तर निर्णय होईपर्यंत तुमचा पूर्वीचा हक्क कायद्याने चालू राहतो आणि तसे प्रमाणपत्र मिळते, ज्याला फिक्शियोन्सबेशाइनिगुंग म्हणतात. हे प्रमाणपत्र कोणत्या कलमाखाली दिले आहे यावर खुणेची चौकट असते. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या परिच्छेदावर खूण असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येते, तिसऱ्या परिच्छेदावर असेल तर तेवढ्यावर परत येता येत नाही. घरी काही निकड आली आणि तिकीट काढावे लागले, तर आधी ती चौकट पाहा.

आकडेमोड

मी जर्मनीतील एका मध्यम आकाराच्या कंपनीत पगाराचे काम पाहते, म्हणून विम्याबद्दल आणि पगाराबद्दल लिहिते.

तुमच्या सल्लागाराने दिलेला पर्याय तुमच्यापुढे मुळात नाहीच. नोकरदाराला खासगी आरोग्य विमा घेता येतो तो वार्षिक पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच. २०२५ साठी ही मर्यादा ७३,८०० युरो आहे. ५८,००० युरोंवर तुमचा सरकारी विमा बंधनकारक आहे, आणि तुमच्या कुटुंबाची रचना पाहता ते हिताचेच आहे, असे मला मनापासून वाटते. सरकारी विम्यात हप्ता पगाराच्या प्रमाणात असतो आणि कमाई नसलेला किंवा अगदी थोडी कमाई असलेला जोडीदार व मुले त्याच हप्त्यात सामावली जातात. खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा असतो, तो वयानुसार वाढतो आणि पंचावन्न वर्षांनंतर सरकारी विम्यात परतण्याचा रस्ता जवळजवळ बंद होतो. पुढे पगार मर्यादेच्या वर गेला आणि पुन्हा कोणी हाच सल्ला दिला, तर आजच्या हप्त्याबरोबर साठाव्या वर्षीचा हप्ताही विचारा.

सरकारी विमा चालवणाऱ्या अनेक संस्था आहेत आणि त्यांना क्रांकेनकासे म्हणतात. मूळ दर सर्वत्र १४.६ टक्के आहे. त्यावर प्रत्येक संस्थेची जादा टक्केवारी असते, जिची २०२५ साठी ठरवलेली सरासरी २.५ टक्के आहे. दोन्हींचा अर्धा भार कंपनी उचलते. उपचारांचा बहुतांश भाग कायद्यानेच ठरलेला असल्यामुळे निवडीत फार दिवस घालवू नका. तुमच्या भाषेत किंवा इंग्रजीत फोनवर नीट बोलणारी संस्था निवडा, नोकरी सुरू होण्यापूर्वीच ऑनलाइन अर्ज भरा आणि सदस्यत्वाची माहिती पगार विभागाला कळवा. निवृत्तिवेतन संस्थेकडून मिळणारा सामाजिक विमा क्रमांक सहसा याच नोंदणीतून पुढे येतो. एक फट मात्र लक्षात ठेवा: हा विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. तुम्ही दहा दिवस आधी पोहोचणार असाल, तर त्या दहा दिवसांचा तिघांचा प्रवास विमा वेगळा घ्यावा लागेल.

पगाराचा अंदाज बांधताना ४,८३३ युरोंचा कपातीपूर्वीचा मासिक आकडा डोक्यातून काढून टाका. आरोग्य, शुश्रूषा (दीर्घकाळच्या देखभालीसाठीचा), निवृत्तिवेतन आणि बेरोजगारी या चार विम्यांचा तुमचा वाटा मिळून साधारण १,०१० युरो होतो, आणि आयकर त्यानंतर वेगळा कापला जातो. येथे मुलीचा जन्मदाखला उपयोगी पडतो. तेवीस वर्षांवरील निपुत्रिक कर्मचाऱ्याच्या शुश्रूषा विम्यात ०.६ टक्के जादा कापले जातात. तुमचे अपत्य परदेशात जन्मलेले असल्यामुळे ती नोंद जर्मन व्यवस्थेत आपोआप येईलच असे नाही, म्हणून दाखला पहिल्याच आठवड्यात पगार विभागाकडे द्या. विवाहाचा दाखलाही तितकाच महत्त्वाचा आहे. दोघेही जर्मनीत राहत असाल तर तुम्हाला चौथा करवर्ग मिळतो. पतींची कमाई सुरू होईपर्यंत तिसरा-पाचवा असा जोडवर्ग (तुम्हाला तिसरा, त्यांना पाचवा) अर्ज करून घेता येतो आणि मग दरमहा हातात येणारी रक्कम बरीच वाढते. वर्षाचा एकूण कर त्याने बदलत नाही, फक्त वर्षभरातली कपात बदलते, आणि तिसरा-पाचवा घेतल्यास वर्षअखेरीचे विवरणपत्र भरणे सक्तीचे होते. त्या विवरणपत्रात येथे येण्यापूर्वी त्याच वर्षी मिळवलेले परदेशातील उत्पन्नही दाखवावे लागते. त्यावर जर्मनीत कर लागत नाही, पण उरलेल्या पगाराचा कराचा दर त्यावरून ठरतो. म्हणून निघण्यापूर्वी जुन्या कंपनीकडून शेवटच्या महिन्यांच्या पगारपत्रिका घेऊन ठेवा.

परिवीक्षेबद्दल कोणी फारसे बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. या सहा महिन्यांत दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी संपवता येते, आणि बेरोजगारी भत्ता मिळण्यासाठी आधीच्या तीस महिन्यांत किमान बारा महिने विमा भरलेला असावा लागतो. म्हणजे पहिल्या वर्षात तो आधार नाही. तीन महिन्यांचे घरभाडे आणि खर्च बाजूला ठेवल्याशिवाय मोटार किंवा मोठे सामान घेऊ नका. दुर्दैवाने तशी वेळ आलीच, तर सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदवा, दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला कळवा आणि नोकरी संपवल्याचे पत्र शाईच्या सहीचे आहे का ते पाहा. ईमेलने नोकरी संपवता येत नाही, आणि तिला न्यायालयात हरकत घेण्याची मुदत पत्र हाती पडल्यापासून अवघी तीन आठवडे असते. ब्लू कार्डावर पहिल्या बारा महिन्यांत कंपनी बदलायची झाल्यास तेही त्या कार्यालयाला आधी कळवावे लागते.

नेकरकाठ

मी श्टुटगार्टमध्ये आठ वर्षे राहतो. वर लिहिलेले बहुतेक पटते, पण जुना_मुक्काम यांच्या सांगण्यात मी एक भर घालीन: शक्य असेल तर पहिले सहा-आठ आठवडे तुम्ही एकट्या या. तात्पुरत्या सदनिकेत लहान मुलीला घेऊन राहायचे, दिवसभर नवी नोकरी करायची आणि संध्याकाळी घरे पाहत फिरायचे, ही ओढाताण मी एका जवळच्या कुटुंबात पाहिली आहे. पतींनी ३१ डिसेंबरच्या आत येथे राहायला येऊन नोंदणी केली, तरी या वर्षाचे विवरणपत्र दोघांचे मिळून भरता येते. त्यामुळे थोडे मागाहून आल्याने करात ती सवलत हातची जात नाही.

कायमचे घर शोधताना नव्याने आलेल्या माणसाकडे पतनोंद नसते, हे येथल्या घरमालकांना ठाऊक असते. तिच्या जागी नोकरीचा करार, पगाराचा आकडा लिहिलेले कंपनीचे पत्र, पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती आणि कुटुंबाची ओळख करून देणारे अर्ध्या पानाचे जर्मन पत्र, एवढे एकाच फाइलमध्ये तयार ठेवा आणि घर पाहून झाले की त्याच संध्याकाळी पाठवा. जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे मूळ भाडे आणि वार्ममीटे म्हणजे तापवणे, पाणी, जिना, कचरा वगैरेंसह भाडे. विजेचा आणि इंटरनेटचा करार बहुधा त्याहूनही वेगळा असतो. सहखर्चाची रक्कम ही आगाऊ उचल असते. वर्षानंतर प्रत्यक्ष हिशेब येतो आणि पहिल्या हिवाळ्यानंतर वरचे पैसे भरावे लागण्याची शक्यता बरीच असते. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या खोलीत नळाची तोंडे आणि भिंतीतल्या जोडण्या याशिवाय काहीही नसते. ओटा, बेसिन, शेगडी सर्व भाडेकरूने आणायचे. घर पाहायला जाल तेव्हा तेथे बसवलेले स्वयंपाकघर घराबरोबर मिळणार आहे की आधीचा भाडेकरू ते विकत देणार आहे, हे विचारून घ्या.

करारात कमीत कमी किती काळ राहावे लागेल याचे कलम शोधा. साधारणपणे भाडेकरूला तीन महिन्यांच्या सूचनेवर घर सोडता येते, मात्र दोन्ही बाजूंनी ठरावीक काळ करार न मोडण्याचे कलम घालता येते आणि ते चार वर्षांपर्यंतचे असू शकते. परिवीक्षेत असलेल्या माणसाने अशा करारावर सही करू नये, असे माझे ठाम मत आहे. घराचा ताबा घेताना वीज, पाणी आणि तापकांच्या मापकांवरचे आकडे, भिंतींवरचे ओरखडे आणि दारांच्या बिजागऱ्यांपर्यंत सर्व गोष्टींची छायाचित्रे काढून ताबापत्रकात लिहून घ्या. अनामत परत मिळताना तेवढाच कागद उपयोगी पडतो.

श्टुटगार्टच्या भागातली एक खास प्रथा म्हणजे केरवोखे, अर्थात झाडण्याचा आठवडा. सोमवारी तुमच्या दाराच्या मुठीला एक लहान पाटी लटकलेली दिसेल. त्या आठवड्यात जिना, आणि काही इमारतींत पदपथही, झाडून-पुसून घेण्याची पाळी तुमची, आणि आठवड्याअखेरीस ती पाटी तुम्ही शेजारच्या दारावर नेऊन लावायची. अनेक घरांच्या नियमावलीत ती भाडेकराराचाच भाग असते. पाटी दिसताच बादली घेऊन बाहेर पडलात, तर शेजाऱ्यांशी ओळख त्याच जिन्यात होते. माझी तशीच झाली.

दोन लहान खर्च येथेच सांगून टाकतो. रेडिओ-दूरचित्रवाणीचे शुल्क दरमहा १८.३६ युरो आहे. ते माणशी नसून घरामागे असते आणि घरात दूरचित्रवाणी संच नसला तरी द्यावे लागते. नोंदणीनंतर त्याचे पत्र येईल, ते फसवणुकीचे समजून टाकून देऊ नका. आणि व्यक्तिगत दायित्वाचा विमा, म्हणजे हाफ्टफ्लिष्ट, अवश्य घ्या, कारण आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास येथे भरपाईला वरची मर्यादा नसते. संपूर्ण इमारतीची किल्ली हरवली तर सगळी कुलपे बदलण्याचा खर्च अंगावर येऊ शकतो; किल्लीचे संरक्षण विम्यात आहे ना, एवढे तपासा.

प्रवासिनी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी त्या मालकांना लिहिले की माझ्या होणाऱ्या कार्यालयातील एक सहकारी घर पाहायला येतील आणि पैसे त्यानंतर देईन. त्यावर उत्तर आले नाही आणि आज ती जाहिरातही दिसत नाही. २,४०० युरो ही आमच्या पहिल्या महिन्यांसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतली मोठी रक्कम होती. ती वाचली याचे श्रेय तुमचे आहे.

कंपनीने तीन महिन्यांसाठी सामानासह एक सदनिका देण्याचे मान्य केले आहे आणि नोंदणीसाठी मालकाचा दाखला मिळेल असे लेखी कळवले आहे. नेकरकाठ यांचा एकटीने पुढे जाण्याचा सल्ला आम्ही घरात बराच वेळ चर्चिला. मुलगी मला सोडून इतके दिवस राहणार नाही, त्यामुळे आम्ही एकत्रच येऊ. मात्र कायमचे घर शोधण्याची घाई पहिल्या महिन्यात करणार नाही. आता पतींच्या व्यवसायाबद्दल आणि मुलीच्या बालवाडीबद्दल कोणी सांगू शकेल का?

हेमगंध

प्रवासिनीताई, मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि पतींच्या ब्लू कार्डामुळे येथे आले, म्हणून हा भाग मला जवळचा आहे.

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येथे येण्यापूर्वी जर्मन परीक्षेचे प्रमाणपत्र द्यावे लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते. परंतु फिजिओथेरपिस्ट हे १९९४ च्या कायद्याने संरक्षित पदनाम आहे. मुभा असली तरी, मान्यता मिळाल्याशिवाय त्या पदनामाने काम करता येत नाही. त्यामुळे पोहोचताच अर्ज करता येईल तो नोकरीसाठी नव्हे, तर मान्यतेसाठी. आणि तो अर्ज आतापासूनच तयार करायला हवा. श्टुटगार्टसाठी हे काम तेथील रेगिरुंग्सप्रेसिडियुम या प्रादेशिक कार्यालयाकडे आहे.

कार्यालय पदवीचे नाव पाहत नाही, ते तासांचा हिशेब पाहते. जर्मनीतील तीन वर्षांच्या शिक्षणक्रमात २,९०० तासांचे वर्गातील शिक्षण आणि १,६०० तासांचे रुग्णालयातील प्रत्यक्ष काम असते, आणि तुमच्या पतींचे शिक्षण त्याच्याशी विषयवार ताडून पाहिले जाते. म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी महाविद्यालयात स्वतः जाऊन प्रत्येक विषयाचे तास आणि प्रत्येक विभागातील प्रत्यक्ष कामाचे तास लिहिलेले, शिक्क्याचे पत्र घ्यावे. अस्थिरोग किती तास, मज्जासंस्थेचे रोग किती तास, बालरोग किती तास, असे वेगवेगळे आकडे त्यात हवेत. माझ्याकडे फक्त गुणपत्रिका होत्या. त्यामुळे अर्ज अपूर्ण ठरला आणि ते एक पत्र इथून फोन करून मिळवण्यात माझे पाच महिने गेले. नोकरीच्या प्रत्येक ठिकाणाहून, ते किती काळ आणि कोणत्या प्रकारच्या रुग्णांवर काम करत होते याचे अनुभवपत्रही घ्यावे. शिक्षणात काही कमी आढळली, तर अकरा वर्षांचा अनुभव ती भरून काढायला कामी येतो, पण तो कागदावर असला तरच. त्यानंतरही काही कमी उरली, तर पूरक प्रशिक्षण घेण्याचा किंवा परीक्षा देण्याचा पर्याय मिळतो.

भाषेची पातळी साधारणपणे बी २ (ए १ ते सी २ या युरोपीय श्रेणींपैकी चौथी) लागते, आणि शून्यापासून तेथे पोहोचायला पतींना वर्षभर तरी नेटाने अभ्यास करावा लागेल. आजच सुरुवात करू द्या. येथे आल्यावर ६०० तासांचा भाषावर्ग असलेल्या सरकारी एकात्मता अभ्यासक्रमासाठी अर्ज करता येतो आणि त्यातून बी १ पर्यंत जाता येते. मधल्या काळात एखाद्या उपचार केंद्रात सहायक म्हणून काम मिळाले तर ते जरूर घ्यावे. रुग्णाला ‘कुठे दुखते’ असे विचारल्यावर श्वाबी, म्हणजे श्टुटगार्टकडच्या, बोलीत जे उत्तर येते, ते कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत.

मुलीबद्दल. एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बालवाडीत, म्हणजे किटामध्ये, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ च्या ऑगस्टपासून आहे, पण जागांची टंचाईही खरी आहे. पत्ता नोंदवला की त्याच दिवशी शहराच्या संकेतस्थळावर नाव घाला आणि चालत जाता येतील अशा दोन-तीन किटांमध्ये स्वतः जाऊन भेटा. २०२० च्या मार्चपासून गोवरच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, आणि तिच्या वयाला दोन मात्रा झालेल्या असाव्या लागतात. लसीकरणाचे पत्रक सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. तारखा आणि लसीचे नाव वाचता येतील असे असावे. तिचा कर क्रमांक आला की बालभत्त्याचा, म्हणजे किंडरगेल्डचा अर्ज करा. २०२५ मध्ये तो दरमहा २५५ युरो आहे, आणि उशीर झाला तर मागील फक्त सहा महिन्यांचाच मिळतो.

जागा मिळाल्यावर मूल लगेच दिवसभर तेथे राहत नाही. आधी सवय लावण्याचा काळ असतो, त्याला आइनगेव्योनुंग म्हणतात. पुष्कळ ठिकाणी पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासह तास-दोन तास त्याच खोलीत बसतात. भिंतीपाशी ठेवलेल्या लहान खुर्चीवर शांतपणे बसायचे आणि मूल आपणहून दूर जाईल तेव्हा जाऊ द्यायचे. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी खोलीबाहेर जाऊन पाहतात, आणि मग तो वेळ मुलाच्या कलाने वाढवत नेतात. यात दोन ते चार आठवडे सहज जातात. माझी मुलगी नवव्या दिवशी माझ्याकडे न पाहता वाळूच्या खड्ड्याकडे धावली, तेव्हा तिच्या शिक्षिकेने मला खुणेनेच बाहेर जायला सांगितले. परिवीक्षेच्या काळात तुम्हाला इतकी रजा मागणे अवघड जाईल, म्हणून त्या खुर्चीवर पतींनी बसावे, आणि त्यांच्या पूर्णवेळ भाषावर्गाची तारीख ठरवताना किटामध्ये सवय लागण्याचे हे आठवडे आधी मोकळे ठेवावेत.